तुम्ही विचारलंत म्हणून: मंत्री सरळ उत्तर का देत नाहीत?

अधिवेशन सुरू झालं की आमराईत फिरायला येणारी मंडळी मला गाठून हेच विचारतात. "आमदार एक विचारतो, मंत्री दुसरंच सांगतात. ती उत्तरं तुम्हीच तयार करायचात ना? मग सरळ का नसतात?"

सांगलीत सरकारी नोकरीत असताना विधिमंडळाच्या प्रश्नांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मंत्री टाळाटाळ करतात हे मी नाकारत नाही. पण उत्तर किती सरळ येणार हे बरंचसं प्रश्नातच ठरलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. टाळायला जागा सैल प्रश्नच करून देतो.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून द्यायचं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात तो. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून तो आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला येतो. "तारांकित आलाय" एवढं म्हटलं की कचेरीतली बाकीची कामं बाजूला पडतात आणि रजा रद्द होतात. तलाठी, ग्रामसेवक, शाखा अभियंता यांच्याकडून माहिती गोळा होते आणि त्याच वाटेने वर जाते. मंत्रालयात त्या विषयाच्या टेबलावर, म्हणजे कार्यासनावर, मसुदा होतो, सचिव तो पाहतात, मग मंत्री. मूळ उत्तरासोबत पूरक टिपणी जाते. आमदार पुढे काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून ती लिहिलेली असते.

छापील प्रश्नाची ठेवण ठरलेली आहे. अमुक गावात पुराने शेतीचं नुकसान झालं हे खरे आहे काय. असल्यास पंचनामे केले आहेत काय. त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली: हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. आता प्रश्नात घटनेचा महिना चुकला, किंवा बाधित कुटुंबं 190 असताना 200 लिहिली, तर "अंशतः खरे आहे" असं उत्तर देता येतं आणि त्यात खोटं काहीच नसतं. गाव चुकलं तर सरळ "हे खरे नाही", आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". पाण्यात उभा राहिलेला शेतकरी ते वाचतो तेव्हा त्याला वाटतं, सरकार पूरच नाकारतंय.

आपल्या पुराचंच उदाहरण घ्या. 2005, 2019, 2021, तीनदा सांगलीत पाणी शिरलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट; 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. त्यानंतर कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर किती बोललं गेलं! "अलमट्टीमुळे पूर येतो काय" असं विचारलं की उत्तर तयार असतं: समिती नेमली आहे, अभ्यास सुरू आहे, कर्नाटकाशी समन्वय ठेवला जात आहे. पुढे पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालात अलमट्टीपेक्षा अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं गेलं. ते निष्कर्ष कुणाला पटोत न पटोत, त्यातून एक नेमका प्रश्न निघतो. 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत 2005 नंतर किती बांधकामांना परवानगी दिली, कोणत्या तारखांना, कोणाच्या सहीने? इथे "समन्वय ठेवला जात आहे" हे उत्तर बसतच नाही. आकडा तरी द्यावा लागतो, नाहीतर आकडा नाही असं लेखी द्यावं लागतं. हे दुसरं उत्तरही माझ्या मते मोलाचं आहे.

लोकसभेत 1957 साली खासदार फिरोझ गांधींनी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याचं प्रकरण असंच लावून धरलं. खरेदीचा तपशील त्यांच्या हाताशी होता. न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं.

उपप्रश्नांबद्दल मात्र मला वाईट वाटतं. मंत्र्यांची खरी परीक्षा तिथे असते, पूरक टिपणी तिथे अपुरी पडते, अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या येऊ लागतात. आणि नेमक्या त्या वेळी आपले काही आमदार प्रश्न सोडून भाषण करतात. मंत्री शांतपणे ऐकतात, "सन्माननीय सदस्यांची भावना योग्य आहे, दालनात बैठक घेऊ" म्हणतात आणि विषय मिटतो. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे मोजकीच मिनिटं. गोंधळात तीही जातात. 2020 च्या सप्टेंबरात तर संसदेचं अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाशिवायच भरलं. तोंडी प्रश्न नाहीत, फक्त लेखी उत्तरं. त्याबद्दल इकडे फारसं कुणी हळहळलंही नाही.

सभागृहातल्या शब्दाला वजन किती असतं हे आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांच्या, म्हणजे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या बाबतीत दिसलं. 2005 साली लक्षवेधीला, म्हणजे तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनेला, उत्तर देताना त्यांनी डान्सबार बंदीची घोषणा केली. त्यावरून त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीबद्दल मतं वेगळी असतील, पण उभं राहून दिलेल्या एका उत्तराने कायदा हलला.

म्हणून "चौकशी करू", "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" असं मंत्री म्हणाले की ते लिहून ठेवा. ते आश्वासन असतं, त्याची नोंद होते आणि ते पाळलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आमदाराने पाठपुरावा केला तर ती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. पण मतदारच विचारत नाहीत, तर आमदार कशाला करील? लग्नाला आला नाहीत म्हणून आपण आमदारावर रुसतो. गेल्या अधिवेशनात आपल्या भागाचे किती प्रश्न विचारलेत, हे विचारणारा माणूस मला क्वचित भेटला.

तुमचा कालव्याचा, पंचनाम्याचा, रस्त्याचा प्रश्न असेल तर नागपूरच्या अधिवेशनाआधी पुरेसा वेळ ठेवून कागद घेऊन या. गट नंबर, अर्जाची तारीख, पोच, मंजुरीचा आदेश, जे असेल ते. बसून मसुदा करून देतो. आमदारांकडे तुम्ही न्यायचा.