भोंग्यापासून एफएमपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मुक्काम कारंजा लाड, जिल्हा वाशीम. धंदा रेडिओच्या जाहिरातींचा. गावोगावच्या दुकानदारांच्या जाहिराती लिहायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि स्टेशनकडे वेळ बुक करून द्यायची. स्टेशन आमचं नाही, कधी नव्हतं. पण अकोल्या-नागपूरच्या स्टेशनांवर आमच्या भागातलं जे ऐकू आलं, त्यातलं बरंचसं आमच्या मागच्या खोलीतून गेलेलं आहे.

सुरुवात वडिलांच्या लाऊडस्पीकरपासून. सायकलरिक्षावर भोंगा, खाली बॅटरी, हातात माईक. टुरिंग टॉकीज, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, निवडणुका, कापडाचा सेल, सगळं त्यांच्या आवाजात. रेडिओवरची जाहिरात तेव्हा मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. आपलं नागपूर त्या पहिल्या खेपेत होतं, हे आजच्या कित्येक रेडिओवाल्यांनाही सांगावं लागतं. पण जाहिराती साबणाच्या, टूथपेस्टच्या. कारंज्याच्या कापड दुकानदाराला तिथं वेळ विकत घ्यायची कल्पनाही सुचली नसती.

ती सुचवायचं काम पुढे आम्ही केलं. आकाशवाणीचे नियम कडक. आधी मजकूर मंजूर करून घ्या, मग टेप द्या. नोंदणीकृत एजन्सीला पंधरा टक्के कमिशन, म्हणून आम्ही एका मोठ्या एजन्सीच्या हाताखाली काम धरलं आणि त्यातला वाटा घेतला.

खासगी एफएमचं दार उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची एकट्याची नाही, असं न्यायालय म्हणालं. २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खासगी स्टेशन सुरू झालं. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क ठरलेलं आणि दरवर्षी वाढणारं, त्यात अनेकांचं कंबरडं मोडलं. २००५ च्या धोरणात ते बदलून उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आणलं, तेव्हा कुठे मधल्या शहरांत स्टेशन काढणं परवडू लागलं. त्या धोरणातल्या शहरांच्या यादीत नागपूरच्या जोडीला अकोलाही होतं. आमचा खरा धंदा तिथून सुरू झाला.

खोली तयार केली ती अशी : भिंतींना जुन्या गाद्या, दाराला घोंगडी, खिडकी विटांनी बुजवलेली. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे दिवसा रेकॉर्डिंग अशक्य. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत तर लाईट येईल तेव्हा उठायचं. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर त्याची घरघर आवाजात उतरायची. मे महिन्यात बियाण्याची जाहिरात वाचणारा माणूस गळ्यात टॉवेल टाकूनच आत जायचा.

वेळ विकली जाते दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने. दहा सेकंदांत मराठीतले वीस-बावीस शब्द नीट बसतात. आणि आमचं गिऱ्हाईक काय म्हणणार? "भाऊ, दुकानाचं नाव घ्या, बाबाचं नाव घ्या, बसस्टँडच्या समोर म्हना, मोबाईल नंबर टाका, अन् बियान्याच्या साऱ्या कंपन्या येऊ द्या." नुसता नंबर वाचण्यातच अर्धा वेळ जातो. आम्ही नंबर काढूनच टाकायला लावायचो. वावरात निंदण करणारी बाई कुठे पेन घेऊन बसली आहे? खूण सांगा, ती लक्षात राहते.

दुसरी अडचण लहरींची. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, उंचवटा आडवा आला की संपली. नागपूर आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं प्रसारण आमच्याकडे सहज यायचं. अकोल्याचं एफएम मात्र मूर्तिजापूरपर्यंत खणखणीत, कारंज्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, मिळेल तर घरात नाही. एका शेटजींनी स्पष्टच विचारलं, "मलेच आयकू येत नाही, तं पैसे कायले देऊ?" त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून मूर्तिजापूर रोडने नेलं आणि चहाच्या टपरीवर त्यांचीच जाहिरात ऐकवली. तिकडची गावं त्यांच्याकडेच खरेदीला यायची, हे त्यांना आधीही माहीत होतं. बुकिंग झालं.

पैशाचं गणित याहून अवघड. स्टेशनला महिना संपला की बिल हवं. आमच्या गिऱ्हाइकाकडे पैसा येतो तो दसरा-दिवाळीला सोयाबीनचा आणि पुढे कापसाचा. मेमध्ये लावलेल्या जाहिरातीची वसुली पौषापर्यंत लांबते. मधे उभे आम्ही. २०१७ ला बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, खाल्ली तेव्हा कृषी केंद्रांची उधारी बुडाली आणि त्यांच्या मागून आमची. एकाने पैशाऐवजी तूर पाठवली. घेतली.

त्याच खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. तेव्हापासून कीटकनाशकाच्या जाहिरातीत तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, एवढं आल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. दोन कंपन्यांचे प्रतिनिधी चिडून गेले. जावोत.

कोविडात सहा-सात महिने शून्य. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने नव्या २३४ शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. विदर्भातून यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया आणि अचलपूर. ओळखीचे विचारतात, तुम्ही बोली लावणार का? बोलीला कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी लागते, आमची एकाच मालकाची प्रोप्रायटरी फर्म. शिवाय टॉवर, गाण्यांची रॉयल्टी, पगार, आणि स्वतःच्या बातम्या द्यायला खासगी एफएमला मनाई. कापसाचं आंदोलन पेटलं तरी आपल्या स्टेशनने गाणंच लावायचं, हे मला पटत नाही. आम्ही बोली लावणार नाही. यवतमाळला ज्याचं स्टेशन येईल त्याच्याकडून दारव्हा, दिग्रस आणि नेर या तीन तालुक्यांचं काम मागायचं ठरलं आहे. बिलाची मुदत मात्र यावेळी आधी कागदावर : खरिपातल्या जाहिरातींचे पैसे दिवाळीनंतर. दारव्ह्याच्या दोन दुकानदारांनी आत्ताच दर विचारलाय.