तीन जुनी यंत्रं, एक मॉनिटर

आजचा अख्खा दिवस टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात गेला आणि फार आनंदात गेला. ४८६ आणि पेंटियम हे दोन जुने पीसी आणि अमिगा ५०० हा घरगुती संगणक, या तिघांना मिळून आता एकच मॉनिटर, एकच स्पीकरची जोडी.

दोन्ही पीसींचं सोपं होतं. ४८६ ला कीबोर्डसाठी जाड पाच पिनांचं डिन सॉकेट, पेंटियमला पीएस/२, म्हणजे छोटं गोल सॉकेट. पण आतले सिग्नल तेच, त्यामुळे साधा अडॅप्टर लावला की एक केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, मॉनिटर आणि माउस अनेक यंत्रांना वाटून देणारी पेटी) दोघांना पुरतो. (त्याआधीच्या एक्सटी पीसीला हे चालत नाही, त्याच्या कीबोर्डची पद्धतच वेगळी.)

खरा वेळ अमिगाने घेतला. १९८७ चं हे यंत्र, कीबोर्ड अंगातच, म्हणजे तो वाटून घ्यायचा प्रश्नच नाही. चित्र मात्र १५ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार ओळी, आणि पीसीच्या व्हीजीए मॉनिटरला ३१ च्या आसपास लागतं. मध्ये ओळींचा हा वेग दुप्पट करणारा स्कॅन डबलर बसवला आणि वर्कबेंचचा, म्हणजे अमिगाच्या डेस्कटॉपचा, तो निळा पडदा उमटला! किती देखणा दिसतो अजून.

आवाजासाठी छोटा मिक्सर घ्याच. ऑडिओ केबली नुसत्या एकत्र जोडल्या तर एका यंत्राचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटवर भार टाकतं. अमिगाचे चार चॅनल, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आता मोठ्या स्पीकरवर स्वच्छ वेगळे ऐकू येतायत.