बाळाचा ग्रुप निगेटिव्ह आला, पण जुळेना

मी ब्लड बँकेत आहे, आमच्याकडे पेशंट येत नाही, ट्यूब येते. त्या रात्री एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) तान्ह्या बाळाचं सॅम्पल आलं, सोबत आईचं. आई बी निगेटिव्ह, वडील बी पॉझिटिव्ह, दुसरं बाळंतपण. नवीन लागलेल्या पोराने ग्रुप केला आणि खूश होऊन म्हणाला, "मॅडम, बाळ पण निगेटिव्हच, टेन्शन नाही!" तसं बघितलं तर बरोबर होतं त्याचं, आई-बाळ दोघं निगेटिव्ह तर आरएचचं भांडण, म्हणजे निगेटिव्ह आईच्या अँटीबॉडीजनी बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी फोडणं, कशावरून? पण फॉर्मवर सिस्टरने लिहिलेलं की बाळ फिकट आहे, काही तासांतच पिवळं पडलंय, आणि आईचा आयसीटी (रक्तात अशा अँटीबॉडीज फिरतायत का ते बघायची टेस्ट) पॉझिटिव्ह. मग म्हटलं आधी बाळाची डीसीटी लाव, त्याच्या पेशींवर अँटीबॉडीज बसल्यात का ते कळतं.

चार प्लस, म्हणजे सगळ्यात जोरदार पॉझिटिव्ह! ट्यूब हलवली तर अख्खा गोळा एकत्र फिरतोय. म्हणजे आईच्या अँटीबॉडीज बाळाच्या पेशींवर इतक्या गच्च बसलेल्या की ग्रुप बघायच्या आमच्या अँटी-डी द्रावणाला पेशींवरच्या डीला (ज्यावरून पॉझिटिव्ह ठरतं) चिकटायला जागाच नाही, म्हणून टेस्ट खोटी निगेटिव्ह. ब्लॉक्ड डी म्हणतात याला, तोवर फक्त परीक्षेपुरतं वाचलेलं. पेशी ४५ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवून अँटीबॉडीज उतरवल्या, धुतल्या, परत ग्रुप लावला, कंट्रोलसकट. बी पॉझिटिव्ह. रिपोर्ट टाइप करत बसले नाही, सरळ डॉक्टरांना फोन.

बिलिरुबिन (कावीळ आणणारं द्रव्य) चढतच होतं, एक्सचेंज ठरलं, म्हणजे बाळाचं रक्त बदलायचं. नशिबाने ओ निगेटिव्हची ताजी पिशवी होती, त्या पेशी एबी प्लाझ्मात मिसळून दिल्या, क्रॉसमॅच (रक्त जुळतंय का ते बघणं) आईच्या सीरमशी. (बाळ पॉझिटिव्ह तर रक्त निगेटिव्ह का, असं पोराने विचारलं, चांगला प्रश्न. आईच्या अँटीबॉडीज अजून बाळात फिरतायत ना, पॉझिटिव्ह पेशी दिल्या तर त्याही फोडतील.) किलोला १६० मिली धरून अडीच किलोच्या बाळाला ४००, थोडं काढायचं, तेवढंच घालायचं, नाळेतून, पहाटेपर्यंत चाललं ते.

सकाळी आजी खिडकीशी आल्या. "बाई, पहिल्या टायमाला ते इंजेक्शन राहिलं, महाग होतं. आता पैसे आणलेत, आता द्या." ते अँटी-डीचं इंजेक्शन, आईत अँटीबॉडीज तयार होऊ नयेत म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांत द्यायचं असतं, पण अँटीबॉडीज एकदा तयार झाल्या की त्याचा काही उपयोग नसतो, हे त्यांना समजावताना माझाच आवाज चिरकला. पुढच्या वेळी दिवस राहिल्या राहिल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा एवढं कागदावर लिहून दिलं, त्यांनी घडी करून कमरेला खोचलं आणि विचारलं, "पोराला दूध कधी पाजायचं?"