कराआगे: दोनदा तळायची कोंबडी

कराआगे, म्हणजे जपानी पद्धतीची तळलेली कोंबडी, घरी करायचं तर आधी मसाल्याचा डबा बाजूला ठेवावा लागतो. हळद नाही, तिखट नाही, गरम मसाला नाही, दही नाही. सोया सॉस, साके (तांदळाची जपानी दारू), आलं, लसूण, थोडा मैदा, बटाट्याचा स्टार्च आणि तेल, संपली यादी. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. म्हणाली, "अगं, निदान चिमूटभर हळद तरी लाव, वास येईल कोंबडीला." वास मारायचं काम इथे आलं आणि साके करतात, हे तिला पटायला बराच वेळ लागला.

आम्ही तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहतो. इथे मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे सणवार जोरात होतात. पण लेक जाते जपानी बालवाडीत. सहलीच्या दिवशी घरून डबा द्यायचा असतो आणि तिथल्या डब्यांत ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, गोडसर आमलेटची गुंडाळी आणि कराआगे ठरलेलंच. "आई, मलापण कराआगे" हे रोज ऐकल्यावर विकतचं आणून बघितलं. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे छोट्या किरकोळ दुकानात, गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत ते गरम मिळतं, चांगलंही असतं. पण ते तासन्‌तास त्या पेटीत बसलेलं असतं आणि वरची कुरकुर तोवर गेलेली असते. मला ती कुरकुर घरात हवी होती.

ऑफिसातली माझी एक सहकारी क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतातली, नाकात्सूची. कराआगेसाठी सारा जपान ज्या गावाचं नाव घेतो ते हेच. शेजारचं उसा गाव म्हणतं की फक्त कराआगे विकणाऱ्या दुकानांची सुरुवात आमच्याकडे झाली. या दोन गावांत कोंबडी तळणारी छोटी छोटी दुकानं जागोजागी आहेत. तिथे शंभर ग्रॅमच्या हिशेबाने मागायचं, मग ते तळायला घेतात आणि आपण थांबायचं. हॉटेलच्या कार्डावर कराआगे प्रथम आलं ते 1932 साली, तोक्योच्या गिन्झा भागातल्या मिकासा काइकान या हॉटेलात, असं सांगतात. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर अशाच तळलेल्या कोंबडीला झांगी म्हणतात आणि तिथले लोक तिला कराआगे म्हणू देत नाहीत. या सहकारीणबाईंनी मला कागदावर काही लिहून दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "तेलातून काढल्यावर घाई करू नका."

मांस घ्यायचं ते मांडीचं, जपानीत मोमो. सुपरमार्केटमध्ये हाड काढलेलं, कातडीसकट मिळतं. ब्राझीलहून आलेली दोन किलोची गोठवलेली पिशवी स्वस्त पडते, पण त्यातून पाणी फार सुटतं. कराआगेसाठी मी ताजं, जपानातलंच घेते. छातीचं मांस दोनदा तळलं की कोरडं पडतं, मांडीचं पडत नाही. आणि कातडी काढायची नाही. आपल्याकडे कातडी सोलूनच कोंबडी घ्यायची सवय, त्यामुळे सुरुवातीला हात धजत नव्हता. पण अर्धी चव त्या कातडीत असते. तळताना तिच्यातली चरबी सुटते आणि ती पापडासारखी होते.

मांडी फळीवर कातडी खाली करून पसरली की आत पांढऱ्या चिवट शिरा आणि पिवळट चरबीचे गोळे दिसतात. ते सुरीच्या टोकाने काढायचे. बोट फिरवलं की एखादं कुर्चेचं टोकही लागतं. मग साधारण तीस-पस्तीस ग्रॅमचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला थोडी तरी कातडी येईल असं कापायचं. हे निवांत करायचं काम आहे आणि मला ते आवडतं. तुकडे सारख्या आकाराचे नसतील तर पुढे लहान करपतो आणि मोठा आत कच्चा राहतो.

अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे सोया, तेवढंच साके, किसलेलं आलं चमचाभर, लसणाची एक मोठी पाकळी किसून. स्वयंपाकाची म्हणून जी साके मिळते तिच्यात मीठ घातलेलं असतं, ती वापरली तर सोया थोडा कमी करायचा. हाताने चोळून अर्धा तास ठेवायचं, बस्स. रात्रभर मुरवायची आपली पद्धत इथे चालत नाही. सोयातलं मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि तुकडा घट्ट होतो. शिवाय सोया जास्त शिरला की तेलात रंग फार लवकर चढतो, आतलं शिजायच्या आधीच बाहेर काळपट. याच कारणासाठी मी मिरिन (स्वयंपाकाची गोड दारू) किंवा साखरही घालत नाही.

मुरलेल्या तुकड्यांवरचं सुटं पाणी निथळून टाकायचं, त्यात चमचाभर मैदा कालवायचा आणि मग काताकुरिको, म्हणजे बटाट्याचा स्टार्च. हा स्टार्च दोन बोटांत दाबला की कर्रकर्र आवाज करतो. तुकडा त्यात लोळवायचा, कातडी ताणून बाहेरच्या बाजूने गुंडाळायची, मुठीत हलकं दाबायचं आणि जास्तीची पूड झटकायची. मग लगेच तेलात. थांबलं तर पूड ओलं ओढून घेते, खळ होते आणि भांड्याला चिकटते. अंगावर कुठे कुठे पांढरे कोरडे ठिपके राहिलेले बरे, तेच पुढे खडबडीत कुरकुरीत होतात.

आता चूल. जपानमध्ये 2008 पासून घरगुती गॅसच्या प्रत्येक बर्नरवर तापमान ओळखणारा सेन्सर सक्तीचा आहे. मधोमध एक छोटं बटणासारखं डोकं वर आलेलं असतं, ते भांड्याच्या बुडाला टेकतं. तेल फार तापलं की ज्योत आपोआप बारीक होते, नाहीतर बंदच होते. इथे आल्यावर फोडणीच्या वेळी याच सेन्सरचा मला राग यायचा. कराआगेसाठी मात्र तो देवासारखा धावून येतो. आमच्या चुलीवर तळणीचं बटण आहे, 160, 180, 200 असे आकडे निवडता येतात. भारतातून आणलेली गोल बुडाची कढई त्यावर नीट बसत नाही, म्हणून सपाट बुडाचं जाड, खोल पातेलं घेते. तेल तीन-चार बोटं. बटण नसेल तर लाकडी चॉपस्टिक ओली करून पुसायची आणि टोक तेलात धरायचं. टोकाभोवती बारीक बुडबुडे संथ येत राहिले की पहिल्या घाण्याचं तेल तयार.

एका वेळी पाच-सहाच तुकडे. तेलाचा अर्धा पृष्ठभाग मोकळा दिसला पाहिजे, नाहीतर तेल गार पडतं आणि कोंबडी तेल पिते. टाकल्यावर पहिलं मिनिटभर हात लावायचा नाही. आवरण अजून ओलं असतं, हलवलं की निघून येतं. 160-170 अंशांवर तीन मिनिटं. या वेळी आवाज जड, बदबद असा येतो आणि बुडबुडे मोठे असतात. तुकडे फिकट, जेमतेम बदामी झाले की जाळीवर काढायचे.

आणि मग काही करायचं नाही. चार मिनिटं.

सगळं कराआगे या चार मिनिटांत आहे असं मला वाटतं. बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि मांस स्वतःच्याच आचेवर शिजत जातं. त्याच वेळी आतला ओलावा बाहेर येऊन आवरणात मुरतो. म्हणून जाळीवरचा तुकडा बघता बघता मऊ पडतो आणि काहीतरी बिघडलं की काय असं वाटायला लागतं. बिघडलेलं काही नसतं. तेल 180-190 पर्यंत तापवून तेच तुकडे पुन्हा सोडले की आवरणात आलेलं पाणी एका मिनिटात उडून जातं. आवाज बदलतो, बदबद जाऊन बारीक चुरचुर सुरू होते. झाऱ्याने तुकडा उचलला तर झाऱ्यावर तो खडखडतो आणि बोटांना हलका लागतो. एकदाच जास्त वेळ तळून हे साधत नाही. आतलं पाणी आटतं आणि तरीही बाहेरचं पाच मिनिटांत मऊ होतं.

आत शिजलंय का, याची शंका ठेवायची नाही. सगळ्यात जाडा तुकडा कापून बघायचा, गुलाबी झाक नको. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 75 अंश, मिनिटभर, हा इथला अधिकृत नियम.

गरम खायचं तर बारीक चिरलेला कोबी आणि लिंबाची फोड पुरे. लेकीला मेयोनेझ लागतं. डब्यासाठी तुकडे जाळीवर पूर्ण गार करायचे. कोमट असताना झाकण लावलं की वाफ धरते आणि वासही धरतो. नीट गार झालेलं कराआगे दुपारी कुरकुरीत राहत नाही, पण त्याची चव गार झाल्यावर उलट वाढते, आल्याची आणि सोयाची.

तळणाचं तेल उरतं त्याचं काय, हा इथल्या प्रत्येक घरातला प्रश्न. बेसिनमध्ये ओतायचं नाही. गाळून एक-दोनदा फोडणीला वापरते, नंतर गरम तेलात एक पावडर ढवळते. गार झाल्यावर तेल थिजून वडी होते आणि ती सुटी करून जळणाऱ्या कचऱ्यात टाकता येते. ही पावडर एरंडेल तेलापासून बनवतात. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते, त्यातही गुजरातेत.

आईनेही आता सांगलीत करून बघितलं. कोंबडीवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागलं, "कातडी काढू नका, आणि मांडीचंच द्या, हाड काढून." बटाट्याचा स्टार्च मिळाला नाही, म्हणून कॉर्नफ्लोअर. त्याने कवच थोडं कडक होतं, पण टिकतं चांगलं. साके घरात येणं शक्यच नव्हतं, तिने आलं दुप्पट घातलं. आपल्याकडचा दाट काळा सोया खारट असतो, म्हणून एकच चमचा. चार मिनिटं थांबायचं तेवढं मात्र तिने घड्याळ लावून केलं. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा तिनेच त्यांना सांगितलं, "हळद लागत नाही हो याला."