'निर्वंश' खोडताना

आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत 'निर्वंश' हा शब्द त्रेसष्ट वेळा आला आहे. मी मोजलेत, कारण दुसऱ्या आवृत्तीसाठी ती सगळी पानं मला पुन्हा उतरवून काढायची होती.

मी या घराण्याची सून. बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला होता. तेवढ्यावर कुलमंडळाच्या बैठकीत आप्पाकाकांनी (सासऱ्यांचे चुलतभाऊ, वय ब्याऐंशी) जाहीर करून टाकलं, "सूनबाईंना मोडी येते. काम त्यांच्याकडे द्या." येत कसली होती! 'र' आणि 'न' ओळखताना घाम फुटायचा. पण चहा आला, बटाटेवडे आले आणि ठराव मंजूर झाला. मंडळाची घटना, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दर वर्षीचे हिशेब हे सगळं रीतसर आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिली आवृत्ती स्वातंत्र्याच्या आधीची. एका शाळामास्तरांनी एकट्याने केली. ते जोडकार्डं पाठवायचे: अर्ध्या कार्डावर प्रश्न, उरलेल्या अर्ध्यावर उत्तर लिहून परत टाकायचं. सुट्टीत कोकणात जाऊन घरोघरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुनी कागदपत्रं, सोडून बघायचे. त्यातली बरीच कागदपत्रं आता नाहीतच. काही वाळवीने खाल्ली, आणि देशावरच्या दोन घरांची दप्तरं १९४८ च्या जाळपोळीत घरांबरोबर गेली. त्यामुळे मास्तरांनी जे पाहिलं ते पुन्हा तपासायची सोय नाही, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. ज्याच्याबद्दल कार्डाला उत्तर आलं नाही आणि गावातही कुणाला काही आठवलं नाही, त्याच्या नावापुढे त्यांनी 'निर्वंश' लिहिलं. 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिता आलं असतं. मुलींच्या बाबतीत तर तेवढेही कष्ट नाहीत. 'कन्या ३' एवढंच.

तर एके दिवशी सागरहून फोन आला. मध्य प्रदेशातलं सागर. बोलणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, मराठी अगदी आपली, पण मध्येच 'मतलब' आणि 'पता नाही' येणारी. "वहिनी, आम्ही तुमच्याच आडनावाचे. गोत्र तेच. कुलदैवत व्याडेश्वर, कुलस्वामिनी योगेश्वरी. आमचं नाव पुस्तकात येईल का?"

असे फोन बरेच येतात. गोत्र आणि कुलदैवत जुळणं म्हणजे पाकिटावर नुसतं 'महाराष्ट्र' लिहिण्यासारखं आहे. गुहागरचा व्याडेश्वर कितीतरी आडनावांचा. मी विचारलं, मागची नावं किती माहीत आहेत? त्यांनी स्वतःसकट सहा सांगितली. सगळ्यात वरचं रामचंद्र बल्लाळ. "बल्लाळ ही त्यांना तिकडे मिळालेली पदवी असावी, असं वडील म्हणायचे," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि मी पान ८७ काढलं. पाचव्या पिढीत चार भाऊ: हरी, गोविंद, बाळाजी, केशव. वडील रामचंद्र. तिसऱ्यापुढे छापलेलं: 'बाळाजी रामचंद्र, उत्तरेकडे गेले. निर्वंश.'

बल्लाळ ही पदवी नव्हे. बाळाजीचंच ते रूप. पेशव्यांचंच बघा ना: बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, आणि बाजीरावांच्या थोरल्या मुलाला पुन्हा आजोबांचं नाव, बाळाजी बाजीराव. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची ही रीत वंशावळ लावणाऱ्याचा जीव घेते, कारण एका आड एक तीच दोन नावं येत राहतात. पण तीच कधी वाटही दाखवते. बाळाजी रामचंद्रांना मुलगा झाला असता तर त्याचं नाव रामचंद्रच असायची शक्यता दांडगी, आणि तो रामचंद्र बल्लाळ म्हणवून घेणार. काळही बसत होता. सागर १८१८ पर्यंत मराठ्यांकडे होतं, कोकणातला कारकुनी येणारा पोरगा पोटासाठी तिकडे जाणं नवलाचं नाही.

समितीत मी हे मांडलं. आप्पाकाका म्हणाले, "बाळाजी काय, घरटी एक असतो. पुरावा आणा." बोलणं लागलं, पण बरोबर होतं.

पुरावा असला तर त्र्यंबकेश्वरी. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, म्हणजे आपले उपाध्ये कोण ते कळतं. निदान तसं म्हणतात. पहिल्या खेपेला मी कुशावर्ताच्या आसपास चार वाडे फिरले. प्रत्येकाने दुसरीकडे पाठवलं. चौथ्या घरी कळलं की आमच्या गावाच्या वह्या ज्यांच्याकडे आहेत ते गुरुजी मुलीकडे गेलेत, आठवड्याने येतील. नाशिकच्या परतीच्या बसमध्ये मी मंडळाला, मोडीला आणि बटाटेवड्यांना मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं.

दुसऱ्या खेपेला गुरुजी भेटले. लांबट वही मांडीवर घेऊन त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली, आणि मला लागला असता त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वेळात एका ठिकाणी बोट ठेवलं. फोटो काढायचा नाही म्हणाले, उतरवून घ्या. मी उतरवलं. शके १७९४, माघ. रामचंद्र बल्लाळ, आजे रामचंद्र, चुलते हरी व गोविंद व केशव, मूळ गाव आमचंच, हल्ली वस्ती सागर. खाली त्यांच्या हातची मोडी, रेघ धरून, एका दमात लिहिलेली. 'केशव' मला दोनदा वाचावं लागलं, कारण तोवर अक्षरं जरा हलायला लागली होती. वहीतली नव्हे, माझ्या डोळ्यांपुढची.

(जाता जाता, ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी: शकाचं इसवी सन करताना सरसकट ७८ मिळवू नका. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत. माघातल्या नोंदीला ७९ मिळवायचे. आमच्या टंकलेखकाने १८७२ केलं होतं, ते १८७३ हवं. पानिपतचंही तसंच, पौष शके १६८२ म्हणजे जानेवारी १७६१.)

चुलत्यांची तिन्ही नावं जुळल्यावर आप्पाकाकांनी एकच अट घातली. मास्तर चुकले असं कुठेही छापायचं नाही. 'नव्याने मिळालेल्या माहितीनुसार' असं लिहायचं. लिहिलं.

घोळ झाला तो संमेलनात. पुण्याच्या मंगल कार्यालयात दाराशी नोंदणीचं टेबल होतं आणि प्रत्येकाच्या छातीवर पिढीचा आकडा चिकटवत होतो. सागरची मंडळी अकरा जणं आली. फोनवाल्या गृहस्थांचा आकडा अकरा, आप्पाकाकांचा बारा. म्हणजे ब्याऐंशीचे आप्पाकाका पुतणे आणि साठीचे ते काका! आणि मला 'वहिनी' म्हणणारे ते नात्याने माझे आजेसासरे. आप्पाकाका नियमाचे पक्के. काठी टेबलाला टेकवून ते खरोखरच वाकायला लागले. सागरकर दोन पावलं मागे सरले, म्हणाले, "अहो, असं करू नका, मला पाप लागेल." शेवटी दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ कुणीच सोडेना. मागे नाश्त्याची रांग खोळंबली होती.

त्रेसष्टांपैकी आत्तापर्यंत दोनच खोडता आले. दुसऱ्याची गोष्ट सोपी आहे, दत्तक जाऊन आडनाव बदललं होतं, त्या घराण्याच्या कुलवृत्तांतात सापडला. मुलींची नावं मात्र यंदा सगळी घेतोय, त्यासाठी वेगळी भांडणं झाली.

नव्या पानाचं मुद्रित मी सागरला पाठवलं. त्यांचा फोन आला, की हे ठीक आहे, पण जुनं पान ८७ पण पाठवा, मोठं करून. आईला दाखवायचंय. पाठवलं. आई सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं म्हणे आणि मुलाला विचारलं, "निर्वंश? मग दर पितृपक्षात मी पानं कुणाची वाढत होते?"