नारळी पौर्णिमा आणि गॅबॉन

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी वरच्या खोलीत गॅबॉनचा (हा मध्य आफ्रिकेतला देश) एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. मला ‘आंटी’ म्हणायचा, आणि गुजराती डाळीपेक्षा माझी आमटी त्याला जास्त आवडायची (हे मी सगळ्यांना सांगते).

२६ ऑगस्ट २०२३, शनिवार. त्याच्या देशात मतदान झालं आणि त्याच संध्याकाळी सरकारने इंटरनेट तोडलं, रात्रीची संचारबंदी लावली. फ्रान्स २४, आरएफआय, टीव्ही५ मोंद ही फ्रेंच प्रसारणंही बंद. म्हणजे बाहेरून बातमी आत नाही. आतून तर आईचा व्हॉट्सॲप मेसेजसुद्धा नाही. २०१५ च्या ऑगस्टात, पाटीदार आंदोलनात, आपल्याकडेही मोबाइल इंटरनेट बंद होतं. तेव्हा मी वैतागले होते ते भिशीचा ग्रुप चालत नाही म्हणून. हा पोरगा जेवतच नव्हता.

बुधवारी नारळी पौर्णिमा. मी नारळ खवत होते, तर तो जिन्यावरून धडधडत खाली. राष्ट्राध्यक्ष अली बोंगो पुन्हा जिंकल्याचं त्यांच्याकडे पहाटे जाहीर झालं आणि थोड्याच वेळात ‘गॅबॉन २४’ वाहिनीवर लष्करी अधिकारी उभे! निवडणूक रद्द. अलींचे वडील ओमर १९६७ पासून सत्तेवर, मग २००९ पासून मुलगा. एकाच घराची ५६ वर्षं. आणि गंमत बघा, इंटरनेट परत सुरू झालं ते बंडानंतर.

“आंटी, आई बोलली!”

त्या बंडाचे म्होरके, लष्करशहा ओलिगी न्गेमा, २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी ९४ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले. एवढी मतं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही पडत नाहीत.

नारळीभात मात्र त्या दिवशी खाली लागला.