खळखळ उकळलेलं पाणी आणि बाळाची बाटली

आमच्या लेआउटमधल्या एका बोअरचं पाणी तपासून घेतलं. नायट्रेट (पाण्यात विरघळणारा नायट्रोजनचा क्षार) लिटरला 60 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि त्यात सूट नाही. हेच पाणी त्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधात जात होतं. आजी म्हणाल्या, "आम्ही तर खळखळ उकळूनच देतो जी मॅडम."

उकळल्यानं जंतू मरतात, हे त्यांचं खरंच. पण नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं. वाफ उडून जाते, ते भांड्यातच राहतं. लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झालं, की 60 चे 80 होतात! मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पण त्या स्वयंपाकघरात हे सांगताना माझा आवाज कापत होता.

तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह बदलून टाकतं आणि मग ते रक्त ऑक्सिजन पोचवू शकत नाही. ओठ, नखं निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवात विहिरीच्या पाण्यामुळे असं होतं, हे 1945 मध्येच नोंदवलं गेलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. आईच्या दुधात मात्र नायट्रेट फारसं उतरत नाही.

हे आलं कुठून? शेताजवळ युरियातून येतं. आमच्याकडे मला संशय शोषखड्ड्याचा. दीड हजार फुटांच्या प्लॉटवर एका कोपऱ्यात सेप्टिक टँक, दुसऱ्या कोपऱ्यात बोअर. मैल्यातल्या अमोनियाचं मातीतच नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, पावसाच्या पाण्याबरोबर ते थेट खाली उतरतं. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. क्लोरीन, तुरटी, यूव्ही, कशानंच ते जात नाही. चांगला आरओ ते कमी करतो. पण विक्रेता दाखवतो ते टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र आकडा देतं, नायट्रेट वेगळं सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचीच तपासणी लागते.

बाळाच्या बाटलीसाठी आता त्या घरचे लोक पेंच-कन्हान नद्यांवरून येणारं नळाचं पाणी उकळून, निववून वापरतात.

लेआउटमधल्या ज्यांच्याकडे बोअर आहे, त्यांनी रविवारी सकाळी नमुना आणून द्यावा. पंप थोडा वेळ चालू ठेवून मगच स्वच्छ बाटली भरा. आणि सेप्टिक टँक बोअरपासून किती फुटांवर आहे, तेही चिठ्ठीवर लिहा.